बारावा दाणा

तीन घरं मिळून एक अंगण आमचं, जिम्माच्या उतारावर,
आणि बावीस वर्षं त्या अंगणात रोज दुपारी
कॉफीचे हिरवे दाणे मीच भाजते.
धूर वळला की बायका येतात.
पहिल्या कपाला आम्ही म्हणतो अबोल,
आणि खरं सांगू, त्याच कपापासून
एकीलाही तोंड आवरत नाही.

बोन्तू यायची थांबली, तेव्हा वाटलं, भांडलो की काय.
मनात सगळं उलटंपालटं करून पाहिलं:
तिची बादली? माझी कोंबडी? कुणाच्या लग्नात काही बोलले?
मग एका दुपारी दाणे तडतडायला लागले
आणि भिंतीपलीकडून आवाज आला,
कोरड्या उलटीचा. पोटात काही नसलं की
पोटच वर येऊ पाहतं, तसला.
हातातलं उलथनं थांबलं.
चार मुलं झालीत मला. तो आवाज मला पाठ आहे.

दिवस गेले होते, आणि ती ते दिवस
कुणाला मोजू देत नव्हती.
गेल्या खेपेला सगळ्यांनी मोजले होते,
तिसऱ्या महिन्यात बोटं तशीच उघडी राहिली.

गुदेता जिबुतीच्या रस्त्यावर, ट्रक घेऊन;
फोन लागला तर वारा ऐकू येतो, नवरा नाही.
ती गोदामात काळे दाणे वेचते,
गोणपाटाच्या, कच्च्या कॉफीच्या वासात
आठ तास मान खाली घालून.
तोंडाला पाणी सुटलं की बाहेर पळते,
मुकादम वहीत रेघ मारतो.
सहा रेघांना एक दिवस कापला जातो.
शालीच्या टोकात लिंबू बांधलेलं,
हुंगून हुंगून त्याची साल काळी पडलेली.

आरोग्यकेंद्रात मीच नेलं, बळंबळं.
काटा त्रेचाळीसवर येऊन थरथरला.
लेन्सा नर्सनं दंडाला फीत गुंडाळली,
फीत फार लांब उरली.
म्हणाली, थोडं थोडं खा, गार खा,
उठल्या उठल्या काहीतरी कोरडं,
सातूचं पीठ गार पाण्यात कालवून घे,
पाणीसुद्धा ठरेना झालं तर रात्र असो, ये.
आणि ताण घेऊ नकोस.
बोन्तू हसली. किती दिवसांनी.
जणू ताण दारात पोतं घेऊन उभा आहे
आणि आपण म्हणायचं, नको बाबा, आज नको.

परतताना चढावर दम खायला थांबलो, तिथे ती बोलली.
झिनाश, उलटी झाली की वाटतं
बाळाच्या तोंडचा घास मी मातीत टाकला.
आणि एखाद्या सकाळी झालीच नाही,
तर त्याहून जास्त भीती वाटते.
गेल्या वेळी असंच एका सकाळी
मला फार बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दुपारी मी शेगडी पेटवली नाही.
ऊदही नाही.
बायका आल्या, बसल्या, नाकं वर करून हवा हुंगली.
म्हातारी अस्काले म्हणाली, कोण गेलं?
मी रिकामे कप मांडले. मधोमध ताटलीत
सकाळीच ओढ्याकाठी जाऊन भाजून आणलेला सातू, गार झालेला.
बोन्तू आली, भिंत धरून धरून.
कुणी काही विचारलं नाही,
अस्कालेनं नुसतं सरकून जागा केली.

एक दाणा चावला. बराच वेळ. मग दुसरा.
मी मोजत होते, आणि लक्षात आलं,
सगळ्याच मोजत होत्या, ओठ न हलवता.
बावीस वर्षांत पहिल्यांदा
तो पहिला कप नावाला जागला.

अकरा.
बारावा तिनं बोटांत फिरवला, पाहिला,
आणि माझ्या कोंबडीपुढे टाकला.

आम्ही वाट पाहत बसलो.
सावली रिकाम्या कपांवरून पुढे सरकली.
कोंबडी मान वाकडी करून
तिच्याकडे आणखी मागत राहिली.